बिब्बा उतू नये म्हणून, आणि उतलाच तर

बिब्ब्याचं तेल हाताला लागलं तर बहुतेक वेळा त्या क्षणी काहीच होत नाही. आग नाही, खाज नाही, नुसता तपकिरी डाग. माणूस हात पँटला पुसतो, चहा घेतो, डोळा चोळतो, बाथरूमला जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पापण्या सुजतात, बोटांच्या बेचक्यात पाणी भरलेले फोड येतात, आणि काल काय खाल्लं होतं याची घरात चौकशी सुरू होते. बिब्बा उधारीवर चालतो. वसुली एक-दोन दिवसांनी होते. यालाच बिब्बा उतणं म्हणतात.

थंडीत लाडवांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात ट्रेकच्या हंगामात मला ओळखीपाळखीच्यांचे असले फोटो येतात. प्रत्येकाने काही ना काही उपाय केलेला असतो, पण उलट्या क्रमाने: आधी मलम, मग गरम पाणी, आणि साबण सगळ्यात शेवटी. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बिब्बा घरात आला असेल तर पाचवा टप्पा आत्ताच वाचून ठेवा. हात बरबटल्यावर फोन उघडून वाचायला जाल, तर फोनलाही तेल लागेल.

## १. अख्खा बिब्बा हवाच आहे का, ते आधी ठरवा

मुंबईच्या घरात बिब्बा साधारण तीन कारणांनी येतो.

लाडवांसाठी. डिंकाच्या किंवा बाळंतिणीच्या लाडवांत पडते ती गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी. ती सोललेली, तयार मिळते. दादर, गिरगाव, काळबादेवीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानांत मागा, किंवा जिथून डिंक आणि खारीक घेता तिथेच विचारा. चार पैसे वाचवायला अख्खे बिब्बे आणून घरी फोडण्यात काही शहाणपणा नाही.

दृष्टीसाठी. शनिवारी दारावर, गाडीला बांधायच्या लिंबू-मिरचीच्या माळेत खाली काळा बिब्बा ओवतात. सुई किंवा तार आरपार गेली की कवचातलं तेल बाहेर यायला वाट होते, आणि मे महिन्याच्या उन्हात ते पातळ होऊन खाली उतरतं. बिब्ब्याऐवजी कोळशाचा तुकडा लावायची पद्धत मुंबईत आहेच. तीच धरा. श्रद्धेला धक्का नाही आणि शेजाऱ्याच्या पोराच्या तळपायालाही नाही.

औषधासाठी. कुरूप, टाचेच्या भेगा, पोटदुखीवर पोटावर काढायच्या बिब्ब्याच्या फुल्या, जुनाट खोकला. ही यादी मोठी आहे आणि तिच्याबद्दल सातव्या टप्प्यात बोलू. तोपर्यंत अख्खा बिब्बा विकत घेऊ नका.

तिन्ही कारणं बाजूला केली तर अख्खा बिब्बा घरी आणायची वेळ फार थोड्यांवर येते. आणायचाच असेल तर पुढे वाचा.

## २. ओळख पक्की करा

बिब्बा हे आंबा आणि काजूच्या कुळातलं झाड. फळाचे दोन भाग असतात. वर नारिंगी-पिवळा गरदार देठ, आणि त्याच्या टोकाला हृदयाच्या आकाराचा, चपटा, गुळगुळीत काळा बिब्बा, साधारण अडीच सेंटिमीटर लांब. काजूच्या बोंडाची छोटी आवृत्तीच. विष आहे ते काळ्या कवचात. कवच मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्यांचं असतं आणि त्या पोकळ्यांत दाट तेल भरलेलं असतं. आतल्या बियात, म्हणजे गोडंबीत, हे तेल नसतं. पण फोडताना ते तिला लागू शकतं, आणि गोडंबीची भानगड होते ती तिथेच.

तपासा: आणलेली गोडंबी पांढऱ्या कागदावर पसरा. दाणे पांढुरके-बदामी, कोरडे हवेत. काळा किंवा तपकिरी चिकट डाग पडलेला दाणा दिसला तर तो चमच्याने बाजूला करा, बोटाने नाही. बरेच निघाले तर अख्खी पुडी टाकून द्या. धुऊन घ्यायचा विचार नको, कारण तेल पाण्याने जात नाही, सगळीकडे पसरतं मात्र.

काजू किंवा पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने गोडंबीचा लाडू खाऊ नये. कुळ एकच आहे. आंब्याचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड दरवर्षी उठतं, त्यांनी तर अख्ख्या बिब्ब्याजवळ फिरकूही नये. आंब्याच्या चिकात, काजूच्या टरफलाच्या तेलात आणि बिब्ब्यात एकमेकांच्या भावकीतली द्रव्यं असतात, आणि एकाला चिडलेलं शरीर दुसऱ्यालाही चिडतं.

ट्रेकवाल्यांसाठी दोन ओळी जास्त. पानगळीच्या जंगलात दिसतो तो बिब्बा: फांदीच्या टोकाशी झुबक्याने आलेली, हातभर लांब होऊ शकणारी, टोकाकडे रुंद आणि बोथट पानं, खालून फिकट. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, आंबोलीसारख्या ठिकाणी, त्याचा भाऊबंद भेटतो. तो रानबिब्बा. त्याच्या पानाच्या देठावर दोन बारीक काट्यासारखे धागे असतात (जुन्या पानांवर ते गळून गेलेले असतात), आणि खोडावरच्या जखमेतून ओघळलेला चीक वाळून डांबरासारखा काळा झालेला दिसतो. ही काळी खूण दुरूनही ओळखू येते. ती दिसली की त्या खोडाला टेकायचं नाही, त्याची फांदी काठी म्हणून तोडायची नाही, पान चुरगळून वास घ्यायचा नाही. पावसात त्याच्याखाली आडोसा घेऊ नका.

## ३. फोडण्याआधीची तयारी

निम्मं काम इथेच होतं, आणि हाच टप्पा सगळे गाळतात.

पाणी. नळाला पाणी असेल अशीच वेळ धरा, किंवा बादली आणि तांब्या आधी भरून ठेवा. चाळीत राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण टॉवरमध्ये राहणाऱ्यालाही दुपारी पाणी गेल्याचं हात बरबटल्यावरच कळतं. नळाची तोटी कोपराने उघडता येणारी नसेल तर ती उघडायला दुसरा माणूस हाताशी ठेवा.

साबण. अंगाच्या मऊ साबणापेक्षा भांडी घासायचं लिक्विड चांगलं, कारण काम तेलकटपणा काढायचं आहे. ते बाटलीत नको, वाटीत काढून ठेवा. बाटलीला हात लागला की पुढच्या आठवड्यात भांडी घासणाऱ्या बाईंना त्रास.

हातमोजे. डॉक्टर वापरतात ते पातळ रबरी मोजे इथे भरवशाचे नाहीत, रबरातून हे तेल आत झिरपतं. जाड व्हिनाइलचे किंवा जाड नायट्राइलचे घ्या आणि काम झालं की फेकून द्या.

जागा. स्वयंपाकाचा ओटा नको. गॅलरीत किंवा मोरीजवळ जाड थर होईल इतकी वर्तमानपत्रं पसरा. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, जो नंतर टाकून देता येईल. अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा. केस बांधा. चष्मा कामाआधीच नीट बसवून घ्या. मी एकदा मोजे घालून अगदी शास्त्रशुद्ध काम केलं आणि मधेच घसरलेला चष्मा त्याच मोज्याने वर सारला. पुढचे पंधरा दिवस नाकाचा दांडा आणि दोन्ही कानांच्या मागचा भाग सोलून निघाल्यासारखा होता, आणि भेटेल त्याला मी सांगत होतो की नवीन फ्रेम लागली.

थांबा आणि बघा: घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण आहे? मग काम त्या दिवशी, त्या घरात नको.

## ४. हाताळणी

बिब्बा उचलायचा तो चिमट्याने. फोडायचा तर कागदात गुंडाळून, पाट्यावर नाही, तर टाकाऊ फरशीच्या तुकड्यावर ठेवून, वरून हलक्या हाताने ठोकून. जोरात घाव घातला की तेलाचे थेंब उडतात आणि ते तोंडाच्या उंचीपर्यंत येतात. अडकित्ता वापरू नका, नंतर त्यानेच सुपारी कातरली जाते. दाताने फोडायचा तर विचारही नको. हे लिहावं लागतंय, कारण तसं केलेला माणूस मी पाहिलेला आहे.

तुटलेलं कवच तिथल्या तिथे कागदाच्या पुडीत. गोडंबी चिमट्याने उचलून वेगळ्या कोऱ्या कागदावर, आणि मग दुसऱ्या टप्प्यातली तपासणी पुन्हा.

इशारा: बिब्बा कधीही जाळू नका. ना गॅसवर, ना शेगडीत, ना धुरीत, ना होळीत. त्याच्या धुराबरोबर तेच द्रव्य वर जातं आणि डोळे, नाक, घसा, फुफ्फुसं यांना लागतं. कातडीवरचा फोड बरा होतो. श्वासनळी सुजली तर हॉस्पिटल गाठावं लागतं. दृष्ट काढून झाल्यावर सगळं चुलीत टाकायची सवय गावाकडे मोकळ्या अंगणात कशीबशी खपून जाते. दहा बाय बाराच्या खोलीत नाही.

मोजे काढताना मनगटाकडून उलटे करत काढा, बाहेरची बाजू आत गेली पाहिजे. मग लागलं नसलं तरी लागलंय असं धरून पुढचा टप्पा करा.

## ५. लागलं: पहिली दहा मिनिटं

इथे घड्याळ खरोखर महत्त्वाचं आहे. तेल त्वचेत मुरायला फार वेळ घेत नाही. पहिल्या दहा मिनिटांत धुतलंत तर बरंचसं टळतं. अर्ध्या-एक तासाने धुणं म्हणजे नुकसान थोडं कमी करणं, आणि तरीही ते करायचंच.

पहिलं: हात जिथे आहे तिथे थांबवा. तोंड, डोळे, फोन, दाराची कडी, कशालाच लावू नका. लघवीला जायचं असेल तरी आधी हात धुवा. नाजूक जागी फोड येतात ते याच चुकीने, आणि लाजेपोटी त्यांच्यावर उपचारही उशिरा होतात.

दुसरं: टिपा, पुसू नका. टिश्यू किंवा जुनं फडकं डागावर दाबून उचला. दर वेळी कोरडी बाजू. फडकं चोळलं की रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. गव्हाचं पीठ किंवा बेसन भुरभुरवून तेल शोषून घेतलं आणि झटकलं तरी चालेल. वैद्य मंडळी शोधन करताना, म्हणजे औषधासाठी बिब्ब्याचं विष कमी करताना, बिब्बे विटेच्या भुकटीत घोळवतात, ते कोरड्या भुकटीने तेल शोषून घ्यायलाच.

तिसरं: भांड्यांचं लिक्विड कोरड्या हातावरच लावा, बोटांच्या पोटाने हलकं फिरवा, मग भरपूर गार वाहत्या पाण्याने धुवा. हे तीनदा. गरम पाणी नको, ब्रश नको, नारळाची शेंडी नको, लिंबू नको. कातडी खरवडली की तेलाला आत जायला मोकळी वाट.

चौथं: नखं. नखांखाली राहिलेलं तेल रात्रभर खाजवून अंगभर पसरतं. नखं कापा, कापलेली नखं पुडीत टाका आणि नखांच्या कडा पुन्हा धुवा. नेलकटरही धुवा.

पाचवं: कपडे काढा, डोक्यावरून ओढून नाही. समोरून बटणं सोडून. मग पूर्ण आंघोळ, उभ्याने, बादलीत अंग बुचकळून नव्हे.

डोळ्यात गेलं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळा स्वच्छ पाण्याने धुत राहा. मग थेट डोळ्यांचा डॉक्टर. घरातले कुठलेही थेंब घालू नका.

तपासा: धुतल्यावर काळा डाग उरला आहे? तो कातडीवर चढलेला रंग आहे. याच तेलाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे. तो घासून काढायच्या मागे लागू नका, काही दिवसांत सालीबरोबर जाईल.

आता खोबरेल तेलाचा प्रश्न. बिब्बा उतला की खोबरं आणि तीळ, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की धुण्याआधी तेल लावू नका. बिब्ब्याचं तेल खोबरेलात विरघळतं, आणि चोळलेल्या हाताबरोबर निरोगी कातडीवर जातं. धुऊन झाल्यावर, कोरड्या पडलेल्या आणि न फुटलेल्या कातडीवर खोबरेल लावायला हरकत नाही. फुटलेल्या फोडांवर नको.

## ६. वस्तू धुणं

एकदा उतून गेलं, बरं झालं, आणि महिन्याने पुन्हा उतलं, असं ज्यांना होतं त्यांनी हा टप्पा केलेला नसतो. हे तेल वाळल्यावरही महिनोन् महिने काम करतं. चिमटा, चष्मा, फोनची कडा, कडी, पर्सची चेन, ट्रेकच्या बुटांच्या नाड्या आणि सॅकचे पट्टे: मोजे घालून आधी लिक्विडच्या पाण्याने, मग सर्जिकल स्पिरिटने पुसा. फडकं टाकून द्या. कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नका. वेगळे, भरपूर डिटर्जंट घालून दोनदा धुवा, आणि मशीन नंतर एकदा रिकामं फिरवा. कुत्रा ट्रेकला बरोबर आला असेल तर त्यालाही आंघोळ घाला. त्याच्या केसांवरून तेल तुमच्या हाताला येतं, त्याला मात्र बहुधा काहीच होत नाही.

## ७. पुढचे दिवस, आणि औषधाची गोष्ट

आधी उतलेलं असेल तर पुरळ साधारण १२ ते ४८ तासांत येतं. आयुष्यात पहिल्यांदाच लागलं असेल तर एक ते तीन आठवड्यांनीही येऊ शकतं, तोपर्यंत तुम्ही बिब्बा विसरलेले असता. शुद्ध दाट तेल मोठ्या प्रमाणात लागलं तर मात्र भाजल्यासारखं लवकरच होतं. नवे चट्टे दोन-तीन दिवस येत राहतात म्हणून पसरतंय असं वाटतं. जाड कातडीवर उशिरा उमटतं, एवढंच. फोडातल्या पाण्याने ते दुसऱ्याला किंवा दुसऱ्या जागी लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याचं ताट वेगळं करायची गरज नाही.

फोड फोडू नका. गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. वर कॅलामाइन लोशन. खाजेच्या गोळीने झोप लागते, पुरळ त्याने जात नाही. मेडिकलच्या दुकानातून मागून आणलेलं तीन-तीन औषधांचं मिश्रण असलेलं क्रीम लावू नका. अंगभर उठलं तर डॉक्टर पोटात स्टेरॉइड देतात आणि ते दोन-तीन आठवड्यांत उतरवत बंद करतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की पुरळ परत उसळतं.

त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं ते या वेळी: चेहरा, डोळे किंवा जननेंद्रियं सुजली, चट्टे शरीराच्या मोठ्या भागावर आले, ताप किंवा पू, मधुमेह असताना पायाला लागलं. केईएम, सायन, नायर, जेजे या सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. डॉक्टरांना 'ॲलर्जी झाली' म्हणू नका, 'बिब्बा लागला, अमुक वाजता' असं सांगा. श्वास लागला, आवाज बसला, बिब्बा किंवा तेल पोटात गेलं, लघवी कमी किंवा गडद झाली तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ किंवा थेट इमर्जन्सी. गिळलेलं ओकायला लावू नका.

आणि औषध. बिब्बा, म्हणजे भल्लातक, आयुर्वेदात मोठं औषध आहे, ते मी नाकारत नाही. पण सरकारी औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लागते. शोधन हे वैद्याचं किंवा कारखान्याचं काम आहे. व्हिडिओ बघून फ्लॅटमध्ये बिब्बे घोळवणारा माणूस औषध करायच्या आधी स्वतः रुग्ण होतो. चिमट्यात बिब्बा धरून, दिव्यावर तापवून त्याचे थेंब दुधात पाडायची जुनी रीत माहीत असलेल्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत, आणि किती थेंब, कोणाला, कोणत्या ऋतूत, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात, पित्ताच्या माणसाला, लहान मुलाला, गरोदर बाईला वैद्यही तो देत नाहीत.

लोकांना माहीत नसतं ते हे, की सर्दी-तापावर अनेक घरांत सहज घेतली जाणारी संजीवनी वटी यातही भल्लातक असतो, जोडीला वचनाग हे आणखी एक विषारी मूळही. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. बिब्बा कधी उतलेला असेल तर वैद्याला ते औषध लिहायच्या आधी सांगा.

कुरुपावर आणि टाचेच्या भेगेवर बिब्ब्याचा चटका देणं बंद करा. कुरुपाबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही जळते, आणि मधुमेही पायावर झालेली तशी जखम महिनोन् महिने भरत नाही.

## ८. उरलेलं टाकणं

कवचं, मोजे, वर्तमानपत्रं, फडकी जाड पिशवीत घाला, तोंड बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'बिब्बा, हात लावू नका'. ओल्या कचऱ्यात नाही. सकाळी सफाई कामगार आले की हातात देताना तोंडीही सांगा, कारण पुढे कुठेतरी ती पिशवी उघडून वेगळी करणारे हात बहुतेक वेळा उघडेच असतात. दारावरची जुनी माळ रस्त्यात, तिठ्यावर टाकू नका. ती उतरवतानाही दोरा कात्रीने कापा आणि बिब्बा थेट पिशवीत पडू द्या.

चिमटा धुऊन वाळल्यावर त्याला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे पोळी भाजायला कोणी घेणार नाही.